पंच: एका ध्वनीत किती शब्द?

शब्दगंधा

इंग्रजीतला ‘पंच’ मराठी व्यवहारात आता इतका मुरला आहे की तो परका असल्याची आठवणही राहत नाही. कचेरीत शिरताना आपण हजेरी पंच करतो, कागदाला पंच मारून तो फायलीत लावतो, मुष्टियोद्ध्याचा पंच प्रतिस्पर्ध्याच्या जबड्यावर बसतो, स्वागतसमारंभात फळांच्या रसांचे पंच पेल्यांतून फिरवले जाते आणि एकपात्री प्रयोग पाहून आलेला प्रेक्षक ‘आज पंच छान बसले’ असे सांगतो. शिवाय संस्कृतातून आलेला आपला ‘पंच’ आहेच. तो गावकीत निवाडा करतो, पंचनाम्यावर सही करतो आणि क्रिकेटच्या मैदानावर बोट वर करून फलंदाजाला बाद ठरवतो.

मी शब्दकोडी रचते आणि सध्या याच शब्दाभोवती एक कोडे गुंफते आहे. शोधसूत्रात श्लेष साधताना हे दोन अर्थ खरोखर दोन वेगळ्या शब्दांचे आहेत की एकाच शब्दाच्या दोन छटा आहेत, हे आधी माहीत असावे असा माझा आग्रह असतो, कारण जवळच्या छटांवर उभा केलेला श्लेष फिका पडतो. पेयाचे नाव आपल्या ‘पाच’वरून पडले, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. मूठ पाच बोटांची म्हणून ठोशालाही पंच म्हणतात, असेही एका परिचितांनी सांगितले. या दोन्ही विधानांत तथ्य किती आहे? आणि या शब्दावर मराठीत कोणकोणते श्लेष साधता येतील?

आडवळण

शब्दगंधाताई, मुठीची व्युत्पत्ती प्रथम बाजूला काढू या, कारण ती ऐकायला गोड असली तरी खरी नाही. ठोसा या अर्थाचा पंच चौदाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्या वेळी त्याचा अर्थ टोचणे, ढोसणे, टोकदार हत्याराने छिद्र पाडणे असा होता. मुठीने मारणे हा अर्थ सोळाव्या शतकात त्याला चिकटला. अमेरिकेत गुरे हाकणाऱ्याला ‘काऊपंचर’ म्हणतात, त्यात ढोसण्याचा तो जुना अर्थ अजून शिल्लक आहे. या फ्रेंच शब्दाच्या मागे लॅटिनमधील ‘पुंगेरे’ म्हणजे टोचणे हे क्रियापद आहे. पॉइंट, पंक्चर आणि वेळ पाळणाऱ्याला लावले जाणारे पंक्चुअल हे विशेषण ही सारी त्याच क्रियापदाची प्रजा होय. म्हणजे सायकलच्या दुकानाच्या पाटीवरचा ‘पंचर’ आणि मुष्टियोद्ध्याचा ‘पंच’ हे रक्ताचे नातेवाईक आहेत. कागदाला छिद्र पाडणारा पंच आणि ठोसा मारणारा पंच हे तर एकाच घरातले असल्यामुळे त्या दोघांवर उभा केलेला श्लेष आपल्या कसोटीला उतरणार नाही. विनोदाचा पंच आणि पंचलाइन हेही ठोशाचेच लाक्षणिक विस्तार आहेत.

संस्कृत ‘पञ्च’, ग्रीक ‘पेन्ते’, लॅटिन ‘क्विंक्वे’, फारसी ‘पंज’ आणि इंग्रजी ‘फाइव्ह’ यांचे कूळ मात्र सर्वस्वी वेगळे आहे. टोचण्याचे ते कूळ आणि पाचाचे हे कूळ कोठेही एकत्र येत नाहीत. आपल्या परिचितांच्या कल्पनेला थोडासा आधार एका निराळ्याच शब्दात सापडतो. मुठीसाठी इंग्रजीत जो ‘फिस्ट’ हा शब्द आहे, तो पाच या संख्येशी संबंधित असावा, असे काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. पाच आणि मूठ यांचे नाते इंग्रजीत असलेच, तर ते तेथे आहे, ‘पंच’मध्ये नाही.

तिसरे कूळ इटलीतले आहे. तेथील लोकनाट्यातल्या ‘पुल्चिनेल्ला’ या नाकाड्या, भांडकुदळ पात्राचे नाव इंग्रजांच्या तोंडी ‘पंचिनेलो’ झाले आणि मग नुसते ‘पंच’ उरले. सॅम्युअल पीप्स या इंग्रज रोजनिशीकाराने 9 मे 1662 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इटालियन कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे आणि इंग्लंडमधल्या पंचाच्या खेळाचा प्रारंभ त्या नोंदीपासून मोजतात. सात वर्षांनी तोच पीप्स असे लिहितो की बुटक्या आणि जाड अशा कोणत्याही वस्तूला ‘पंच’ म्हणण्याची आता रीत पडली आहे. सफोक परगण्यातल्या ठेंगण्या, भरदार घोड्यांच्या जातीला ‘सफोक पंच’ हे नाव मिळाले, ते या अर्थाने. अतिशय खूष झालेल्या माणसाला इंग्रज ‘पंचाइतका खूष’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हीच बाहुली असते.

पेयाचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे आहे. त्याविषयी ज्यांचे वाचन अधिक आहे त्यांनी लिहावे.

रत्नाकर_वाचक

पेयाविषयी जे कागदोपत्री आढळते, ते क्रमाने पाहणे बरे. ‘पंच’चा पहिला ज्ञात उल्लेख 1632 सालचा आहे आणि तो हिंदुस्थानाशी निगडित आहे. कोरोमंडल किनाऱ्यावरील पेटापोली येथील एका इंग्रज व्यापाऱ्याला रॉबर्ट ॲडम्स या सहकाऱ्याने लिहिलेल्या पत्रात तो येतो. 1638 मध्ये मांडेल्सलो हा जर्मन प्रवासी सुरतेत होता. इंग्रजांच्या या पेयाचे नाव त्याने ‘पालेपुंत्झ’ असे दिले असून मद्य, गुलाबपाणी, लिंबूवर्गीय फळाचा रस आणि साखर हे घटक सांगितले आहेत. 1653 मध्ये एका फ्रेंच प्रवाशाने ‘बोलपोंज’ असा शब्द नोंदवून साखर, लिंबाचा रस, मद्य, जायपत्री आणि भाजलेले बिस्किट अशी यादी दिली. या दोन्ही विचित्र रूपांच्या मुळाशी ‘पंचाचे कटोरे’ या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग आहे. परदेशी कानांनी भांडे आणि पेय यांचा एकच शब्द करून टाकला.

यानंतर येतो तो जॉन फ्रायर, ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य. 1672 नंतरची काही वर्षे त्याने पश्चिम किनाऱ्यावर आणि इराणात काढली आणि त्याचे प्रवासवर्णन 1698 मध्ये प्रसिद्ध झाले. तो सांगतो की गोव्यात नेरूल येथे उत्तम अरक तयार होतो, त्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पाँच’ नावाचे शक्तिपात करणारे पेय बनवतात आणि हिंदुस्थानी भाषेत पाँच म्हणजे पाच, कारण त्यात पाच पदार्थ असतात. आज सर्वत्र सांगितली जाणारी व्युत्पत्ती मुख्यतः या एका वाक्यावर उभी आहे. मात्र ती उद्धृत करणारे वाक्याचा पुढचा भाग बहुधा गाळतात. फ्रायर लगेच वैद्यांच्या परिभाषेतला ‘डायापेन्टे’ म्हणजे पाच द्रव्यांचा योग हा शब्द देतो आणि त्याला जोडून ‘किंवा चार वस्तूंचा म्हणून डायाटेसेरॉन’ असेही म्हणतो. म्हणजे घटक पाचच असतात, याविषयी खुद्द फ्रायरही ठाम नव्हता.

शंका घेण्याची कारणे तीन आहेत आणि तिन्ही वजनदार आहेत. मांडेल्सलोच्या यादीत घटक चार आहेत, ही पहिली शंका. दुसरी उच्चाराची आहे: सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात या इंग्रजी शब्दातला स्वर आजच्यासारखा नव्हता आणि तो ‘पुंच’च्या जवळ उच्चारला जात असे. जर्मन रूपातला ‘पुं’ आणि फ्रेंच रूपातला ‘पों’ हीच साक्ष देतात. मूळ शब्द आपला ‘पाच’ किंवा ‘पंच’ असता, तर परकीयांच्या लेखणीतून एखाद्या वेळी तरी ‘पा’ उतरायला हवा होता, आणि तो उतरतो फ्रायरकडे, ज्याला ही व्युत्पत्ती सांगायचीच होती. तिसरी शंका अशी की पहिला उल्लेख तेलुगू मुलखाशी निगडित आहे आणि तेलुगूत पाचाला ‘ऐदु’ म्हणतात. या तिसऱ्या शंकेला उत्तर आहे, कारण कंपनीची माणसे दोन्ही किनाऱ्यांवर ये-जा करीत असत आणि शब्दही त्यांच्याबरोबर फिरत. पहिल्या दोन शंकांना मात्र समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत आणि खलाशांनी त्याचेच आखूड रूप केले असावे, असे एक पर्यायी मत आहे. त्यालाही थेट पुरावा नाही.

माझे स्वतःचे मत भारतीय व्युत्पत्तीकडे झुकते आणि त्याचे कारण नामकरणाची आपली पद्धत हे आहे. दूध, दही, तूप, मध आणि साखर यांचे पंचामृत, गाईपासून मिळणाऱ्या पाच पदार्थांचे पंचगव्य, खिरापतीचे पंचखाद्य, बंगाल्यांचे पाँचफोरन. पाच वस्तू एकत्र आल्या की त्या मिश्रणाला संख्येवरून नाव देण्याची सवय या देशात खोलवर रुजलेली आहे आणि बंदरावर वावरणाऱ्या परदेशी माणसाच्या कानांवर ती पडत नसेल, असे मानणे कठीण जाते.

आडवळण

रत्नाकरराव, पुराव्यांची मांडणी मनापासून आवडली, परंतु शेवटच्या परिच्छेदाशी सहमत होता येत नाही. आपण दिलेली सारी नावे सामासिक आहेत. पंच या संख्येपुढे अमृत, गव्य, खाद्य असा वस्तुवाचक शब्द आहे आणि वस्तूचा बोध त्या उत्तरपदाने होतो. नुसत्या ‘पंच’ने आपल्याकडे कधी एखाद्या पदार्थाचा बोध झालेला दिसत नाही. नुसता पंच हा शब्द उभा राहतो तो माणसांसाठी, म्हणजे निवाडा करणाऱ्यांसाठी. म्हणून पंचामृताचे उदाहरण या व्युत्पत्तीला पोषक वातावरण दाखवते, तिचा पुरावा देत नाही.

मांडवीकाठ

फ्रायरचे नेरूल म्हणजे आमच्या बार्देसातले नेरूल. तो ज्याला अरक म्हणतो ती माडाच्या सुरेपासून गाळलेली दारू होती आणि तिचा व्यापार गोव्याहून दूरवर चाले, त्यामुळे इंग्रजांच्या कटोऱ्यात ती पोहोचली यात नवल नाही. काजूची फेणी आज अधिक प्रसिद्ध असली तरी माडाची दारू हा आमच्या किनाऱ्यावरचा वेगळा आणि मोठा धंदा होता.

उच्चाराविषयी एक गोष्ट मराठी आणि कोकणी वाचकांनी ध्यानात घ्यावी. मराठीत ‘पाच’ या संख्येतला च दंततालव्य आहे, म्हणजे ‘चमचा’ या शब्दातल्या दोन्ही च-सारखा, कोकणीतही तसाच. निवाडा करणाऱ्या ‘पंच’मधला च मात्र ‘चिंच’मधल्या च-सारखा तालव्य आहे, कारण तो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला. इंग्रजी पंचातला च तालव्य आहे. म्हणून या पेयाचे नाव आपल्या भागातून गेले असेल, तरी ते इथल्या बाजारातल्या मोजणीच्या ‘पाच’मधून गेलेले नसावे. फ्रायर ‘हिंदुस्थानी’ भाषेचे नाव घेतो ते यासाठी महत्त्वाचे आहे, कारण त्या भाषेतल्या ‘पाँच’चा च तालव्यच आहे.

जुळारी

या चर्चेत छापखान्यातला पंच राहून गेला, म्हणून लिहितो आहे. शिशाचे खिळे ओतण्यापूर्वी पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे आणि उठावदार कोरावे लागे. ती कांडी म्हणजे पंच. तिच्यावर हातोडा मारून तांब्याच्या तुकड्यात अक्षराचा ठसा उमटवायचा, त्या ठशाला मातृका म्हणायचे आणि मातृकेवर शिशाचा रस ओतून हवे तेवढे खिळे काढायचे. एका अक्षराचा एक पंच धरला तरी काने, मात्रा आणि जोडाक्षरे मिळून देवनागरीला शेकडो पंच लागत. अक्षराचा सारा डौल त्या कारागिराच्या कानशीवर अवलंबून असे, तरीही पुस्तकावर त्याचे नाव क्वचितच येई.

येथे एक योगायोग आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. हिंदुस्थानी लिप्यांचे पंच कोरणाऱ्या आरंभीच्या थोर कारागिराचे नाव पंचानन कर्मकार असे होते. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने जो बंगाली टाइप घडवला, त्यात हालहेडचे बंगाली व्याकरण 1778 मध्ये हुगळी येथे छापले गेले. पुढे तो श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात आला, तेथे त्याने देवनागरीचेही काम केले आणि त्याच छापखान्यातून 1805 मध्ये विल्यम केरीचे मराठी व्याकरण बाहेर पडले. पंच घडवणारा पंचानन! हा पंचानन संस्कृतातला, पाच मुखांचा शिव, आणि हातातला पंच लॅटिनमधून आलेला. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या अक्षरांसाठी राणोजी रावजी आरू यांनी पंच कोरले आणि जुनी संस्कृत-मराठी पुस्तके हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती वळणदार अक्षरे पाहिलेली असतात. शब्दगंधाताई, ‘अक्षराला जन्म देणारा ठोसा’ असे शोधसूत्र या अर्थासाठी चालेल काय?

शब्दगंधा

जुळारीकाका, शोधसूत्र सुरेख आहे आणि ते मी नक्की वापरेन. पंचाननाचा योगायोग मला ठाऊकच नव्हता. आता तीन परकी कुळे आणि चौथे आपले, एवढे स्पष्ट झाले. पेयाचे कूळ आपल्याच कुळाची शाखा आहे की नाही, हा वाद मोकळा राहिला तरी कोड्याचे अडत नाही. श्लेषांविषयी मात्र अजून कोणी लिहिले नाही.

श्लेषार्थी

श्लेषाविषयी बोलताना आधी इंग्रजीत काय झाले ते पाहू. लंडनमध्ये 17 जुलै 1841 रोजी ‘पंच’ हे विनोदी साप्ताहिक निघाले. त्याचे नाव त्या बाहुलीवरून आहे, परंतु संस्थापकांपैकी एकाचे आडनाव लेमन असल्यामुळे ‘लिंबाशिवाय पंचाला चव नाही’ अशी कोटी कोणीतरी केली आणि तिच्यातून नाव सुचले, अशी आख्यायिका आहे. याच साप्ताहिकात 1844 मध्ये सिंध जिंकणाऱ्या नेपियरच्या नावावर ‘पेक्काव्ही’ हा एका शब्दाचा खलिता खपवला गेला. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी पाप केले’ असा होतो आणि त्याचे इंग्रजी भाषांतर ‘मी सिंध घेतला’ असेही ऐकू येते. ही कोटी नेपियरची नव्हे, कॅथरीन विंकवर्थ या तरुणीची होती.

या साप्ताहिकाच्या धर्तीवर हिंदुस्थानात अनेक पत्रे निघाली. 1877 मध्ये लखनौहून ‘अवध पंच’ सुरू झाले आणि आपल्याकडे ठाण्याहून ‘हिंदू पंच’ निघत असे. नाव इंग्रजी बाहुलीचे उसने घेतलेले, पण येथील वाचकाला त्यात निवाडा करणारा पंच ऐकू आल्याशिवाय राहत नसणार. राज्यकर्त्यांच्या कारभारावर भाष्य करणाऱ्या पत्राला याहून समर्पक नाव मिळणे कठीण होते. परक्या शब्दाने इथली जमीन कशी पकडली, याचे मला हे सर्वांत सुंदर उदाहरण वाटते.

आता मराठीतल्या शक्यता. इंग्रजीत ठोसा, पेय आणि बाहुली यांवर कोट्या होतात. आपल्याला चौथा पंच जास्तीचा मिळतो. शिवाय मराठी व्याकरण एक दार उघडते आणि एक बंद करते. ठोसा या अर्थी पंच पुल्लिंगी आहे, निवाडा करणारा पंचही पुल्लिंगी आहे, पेय मात्र नपुंसकलिंगी आहे. पुल्लिंगी अनेकवचन आणि नपुंसकलिंगी एकवचन यांची क्रियापदे लेखी प्रमाण मराठीत सारखीच दिसतात. म्हणून ‘उशिरा का होईना, पंच आले आणि बैठकीला रंग चढला’ या वाक्यात निवाडा करणारी मंडळी आली, पेय आले किंवा विनोदांच्या फटक्यांची बरसात झाली, असे तीन अर्थ एकाच वेळी बसतात. हे वाक्य तोंडाने उच्चारले की खेळ संपतो, कारण पेयासाठी आपण ‘आलं’ म्हणतो आणि माणसांसाठी ‘आले’. म्हणजे हा श्लेष कागदावरचा आहे, आणि कोडे कागदावरच सोडवले जाते. विभक्तिप्रत्यय लागला तरीही हा आडोसा जातो: ‘पंचांनी’ म्हटले की पेय बाद होते आणि ‘पंचाने’ म्हटले की आदरार्थी मंडळी बाद होतात. शोधसूत्र रचताना शब्द प्रथमेत ठेवावा, हे त्यावरून ओघाने येते.

शब्द न फोडता साधणारे अभंग श्लेष भरपूर आहेत. ‘पंचांनी पंच मोजले’ हे मुष्टियुद्धाच्या वार्तांकनात शब्दशः खरे ठरणारे वाक्य आहे. गावात पंच बसले आणि रंगमंचावर पंच बसला, यांत वचन बदलले की प्रसंगच बदलतो. शोधसूत्र म्हणून ‘गावकीत ज्यांना मान, त्यांचाच रिंगणात मार (2)’ असे देता येईल.

सभंग श्लेषात मला ‘पंचवीस’ सर्वांत आवडतो. ‘पाहुण्यांसाठी पंचवीस पेले’ हे जोडून वाचले तर पेले पंचवीस होतात आणि तोडून वाचले तर पंच या पेयाचे वीसच पेले उरतात. पाच पेल्यांचा हा फरक जेथे हिशेब जुळत नाही अशा कोड्यात सूत्र म्हणून वापरता येतो. ‘सरपंच’ फोडला की सगळ्यांत सरस ठोसा हाती लागतो. ‘प्रपंच’ या शब्दाच्या पोटात पंच आहेच आणि प्रपंचात ते खावे लागतात, हे कोणाला वेगळे सांगायला नको. ‘पंचनामा’ तर आधीच लाक्षणिक अर्थाने वापरला जातो, त्यामुळे त्यावर नवी कोटी करण्याच्या मोहात शक्यतो पडू नये. ती फार हाताळलेली आहे.

रत्नाकर_वाचक

श्लेषार्थी, ‘पंच आले’चे विश्लेषण वाचून आनंद झाला. आडवळणांचा सामासिक शब्दांचा आक्षेपही मला मान्य करावा लागेल. माझा कल कायम आहे, पण त्याला पुरावा म्हणणार नाही.

कोड्यासाठी आणखी एक धागा सुचवतो. क्रिकेटमधल्या पंचाला इंग्रजीत ‘अंपायर’ म्हणतात. तो शब्द जुन्या फ्रेंचमध्ये ‘नोनपेर’ म्हणजे ‘जोडीचा नसलेला, विषम’ असा होता, कारण दोन पक्षांचे एकमत होईना तेव्हा निर्णयासाठी आणलेला तो तिसरा माणूस असे. इंग्रजीत तो प्रथम ‘नूंपायर’ झाला आणि मग आधीच्या ‘अ’ या उपपदाने त्याचा आरंभीचा न ओढून घेतल्यामुळे ‘अंपायर’ उरला. आपल्या गावकीने निवाड्यासाठी पाच माणसे धरली, त्यांनी तिसरा धरला. संख्या दोन्हीकडे विषमच आहे. तेव्हा ‘विषम संख्येचा न्याय (2)’ हे शोधसूत्र दोन्ही भाषांत खरे ठरते आणि त्याचे उत्तर मराठीतच मिळते.